खारावलेल्या कुंड्या

लातूर नवा जिल्हा झाला आणि नवऱ्याची बदली तिकडं झाली. अर्धापूरहून येताना मी ट्रकमध्ये भांड्यांच्या शेजारी तीन कुंड्या ठेवल्या: जास्वंद, मोगरा आणि कढीपत्ता. केळीच्या गावची मी. पाणी जपून वापरायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

इथं टँकर कधी यायचा, कधी नाही. मी शिकवायची त्या शाळेतून आले की घागर घेऊन रांगेत उभी राहायची. उरलेली गरज बोअरच्या खाऱ्या पाण्यावर भागायची. तेच पाणी आणि अंघोळीचं साबणाचं पाणी मी जास्वंदीला आणि मोगऱ्याला घालायची.

शेजारी उदगीरकडच्या एक विधवा बाई राहायच्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. एक दिवस भिंतीवरून त्या बोलल्या, "बाई, माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् तुम्ही फुलाला घालायलात?"

त्या दिवसापासून मी त्या दोन झाडांना पाणी घालणंच सोडलं. पानं माना टाकू लागली. नवरा रोज ऑफिसातून दमून यायचा. तो म्हणाला, "टाकून दे की. कशाला जीव काढतेस?"

टाकायलाच गेले होते. पण कुंडी उचलताना दिसलं, मातीवर पांढरा थर धरलाय. जास्वंदीच्या पानांच्या कडा जळाल्यात, आणि शेंड्यांना कापसासारखी कीड लागलीय. मोरीजवळचा कढीपत्ता मात्र हिरवा होता. त्याला फक्त भाजी धुतलेलं पाणी मिळायचं. म्हणजे नुसत्या तहानेनं नाही, खारानं आणि साबणानं झाडं चालली होती.

रविवारी बसले. वरची माती खरवडून काढली. किडलेले शेंडे छाटून जाळले. तंबाखू भिजवलेल्या पाण्यात फडकं बुडवून एकेक पान पुसलं. कुंड्या भिंतीच्या सावलीत सरकवल्या आणि मातीवर शेंगांची टरफलं पसरली. पाठ भरून आली. आता फक्त तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी द्यायचं, एवढंच ठरवलं.

अक्का भिंतीपलीकडून बघत होत्या. दोन-चार दिवसांनी त्यांनी एक पातेलं पुढं केलं. "डाळ धुतलेलं हाय. आमच्याकडं बी सांडूनच जातंय."

"कढीपत्ता लागला तर तोडून न्या, अक्का," मी म्हणाले.

"ते तर मी आधीपासूनच तोडायले," त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी मला हसू आलं.

मोगरा वाचला नाही. जास्वंदीला फुटवे आले, पण फुलं रुपयाएवढी. पुढं नवऱ्याची नांदेडला बदली झाली. पुन्हा ट्रकचा प्रवास झाडांना सोसला नसता, म्हणून अक्का आणि मी मिळून उरलेल्या दोन्ही कुंड्या त्यांच्या अंगणात नेऊन ठेवल्या. फार वाईट वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. हात धुतले आणि पायरीवर बसून राहिले. दमले होते, बस.