शिंगं मोजणारे काका

कॅनडातल्या एडमंटनच्या शिकार-प्रदर्शनात आमच्या शेजारचे काका दरवर्षी शिकाऱ्यांच्या विक्रमांच्या वहीसाठी हरणांची शिंगं मोजून देतात. निवृत्त इंजिनिअर, मूळ नागपूरचे, पक्के शाकाहारी. मी छेडलं तर म्हणतात, "शिंगं कुठं खातो जी?" टेप हातात आला की मात्र त्यांचा न्यायाधीश होतो. प्रत्येक टोक ते तीनदा मोजतात.

यंदा एका म्हाताऱ्याने कवटीसकट शिंगं आणली. "मुलगा गेला माझा. ही त्याची शेवटची शिकार. विक्रमांच्या वहीत त्याचं नाव हवं."

कवटीला चीर होती, आणि चिरलेली कवटी नियमात बसत नाही, कारण मग दोन शिंगांमधलं अंतर खरं धरता येत नाही. काकांना ती पहिल्याच नजरेत दिसली. तरीही त्यांनी पाऊण तास सगळं मोजलं, सुबक अक्षरात आकडे लिहिले आणि वर 'अपात्र' असा शिक्का मारला.

"मग मोजलंत कशाला?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तुम्ही रांगेत होतात," काका म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं.