शक्यता नाकारता येत नाही

आमच्या कॉलेजात दर दसऱ्याला त्या यंत्राला झेंडूचा हार पडायचा. हळदीकुंकू इतकं, की सेन्सरच्या खाचांतून ते मी टाचणीनं कोरून काढायचो. पूजेला नारळ, पेढे, सगळं मिळायचं. कॅलिब्रेशनला मात्र दमडी नव्हती.

यंत्र परदेशी. बुंध्याभोवती सेन्सर ठोकायचे, एकेकावर हातोडीनं टकटक करायचं. आवाज लाकडातून किती वेळात पार होतो, त्यावरून झाड आतून कुजलंय का ते कॉम्प्युटर रंगवून दाखवतो. कुजलेलं ते लाल. पण हे सगळं दरवर्षी तपासून जुळवून घ्यावं लागतं, केबली बदलाव्या लागतात. चार वर्षं मी अर्ज केले आणि चारही वेळा एकच शेरा आला: ‘आवर्ती खर्चास तरतूद नाही.’ एकदा हिशेबनीस म्हणाले, “सर, दुरुस्तीचं काय घेऊन बसलात? नवीनच मागा की. नव्याला पैसा हाय.” माझं डोकंच फिरलं. शेवटी सागाचा एक ठणठणीत ओंडका यंत्राला लावून पाहिला. पडदा लालभडक!

असलं यंत्र घेऊन कॉलेजनं मला नांदेडहून लातूरला एक झाड तपासायला धाडलं. क्लासेसच्या एका गल्लीत जुनी चिंच होती. शेजारच्या क्लासवाल्याला तिथं पार्किंग हवं होतं, म्हणून त्यानं झाड धोकादायक असल्याचा अर्ज महापालिकेकडे ठोकला होता. चिंचेखाली एका मावशींची मेस चालायची. नीटची, इंजिनिअरिंगची पोरं तिथं बाकांवर जेवायची. भूकंपात मावशींच्या अंगावर घर आलं होतं. तेव्हापासून त्या छताखाली चूल पेटवायलाच तयार नसत.

“झाड गेलं की मेस गेली, सर,” त्या म्हणाल्या.

मी टकटक केली. पडदा लाल.

“मावशी, यंत्रच बिघडलंय. हे खरं धरू नका.”

“मग तसंच लिहून द्या की.”

परत आल्यावर प्राचार्यांनी मला समोर बसवलं. यंत्र चुकतं असं लिहिलं तर आजवर फी घेऊन दिलेले सगळे अहवाल खोटे ठरतील, म्हणाले. यंत्रावर खर्चायला पैसा नाही, आणि त्याच्यावर कमवायला लाज नाही! हे मी मनात म्हणालो. मनातच ठेवलं, आणि त्याचाच मला अजून सगळ्यात जास्त संताप येतो. मी लिहिलं: ‘आतून पोकळी असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

झाड तोडतायत कळल्यावर पहिल्या एसटीनं लातूर गाठलं. चिंच आडवी पडली होती. बुंधा अखंड, आत काळपट तांबूस गाभा, मुंगी शिरायला जागा नाही. मावशी पातेली पोत्यात भरत होत्या. त्या रडत नव्हत्या, भांडत नव्हत्या. मीच आल्याआल्या सुरू झालो. क्लासवाला, प्राचार्य, ती तरतूद, सगळ्यांचा उद्धार केला. मावशींनी शेवटचं पातेलं पोत्यात टाकलं. मग पदराला हात पुसून नोटिशीसोबत आलेली अहवालाची झेरॉक्स माझ्यापुढं धरली आणि तळाशी बोट ठेवलं.

“ही सही कुणाची हाय?”

“माझी.”