नेता प्रतिपक्ष रंभाबाई

मला लिहायची सवय नाही. लिहिलेलं पुन्हा वाचलं की खोडावंसंच वाटतं. पण रंभाबाईबद्दल गावातली माणसं जे बोलतात, ते ऐकून गप्प बसणं आता जड जातं, म्हणून लिहितो.

आमचं गाव सीमेपलीकडच्या हिंदी मुलखात, शाहपुरच्या पुढे, केळीच्या बागांमध्ये. रंभाबाईचं माहेर असीरगढच्या पायथ्याचं. उखर्डूशी लग्न होऊन ती इथे आली. उखर्डू गेल्यावर तिने दुसऱ्यांच्या बागांत केळीची पिलं, म्हणजे बुडाशी फुटणारे जादा कोंब, काढली, घड वाहिले. खालच्या आळीतली पंचाची, म्हणजे पंचायत सदस्याची, जागा बाईसाठी राखीव निघाली, तेव्हा ही बाई बोलणार नाही, या खात्रीने सगळ्यांनी तिला बिनविरोध निवडून दिलं. सरपंचाची जागाही बाईसाठीच होती. तिथे बाबुरावची सून वैजयंती उभी राहिली. म्हणजे कागदावर ती उभी राहिली. खुर्चीत बसला तिचा नवरा ललित.

ललितला मी तो चड्डीत होता तेव्हापासून ओळखतो. त्याचा राग येत नाही. राग यायलाही समोर काहीतरी असावं लागतं. पांढरे कपडे, गाडीच्या काचेवर ‘सरपंच’ हा लाल शब्द, आणि एकच युक्ती. ग्रामसभेत तो सरपंच म्हणून उत्तरं द्यायचा. दुसऱ्या दिवशी कोणी त्याच शब्दाला धरलं, की म्हणायचा, “मी कुठे सरपंच आहे? सरपंच मॅडमला विचारा.” मॅडमला विचारायला घरी गेलं, की ओट्यावर हाच बसलेला.

याला विरोध करणारा म्हणून समाधान होता. निवडणुकीत हरलेल्या गटाचा पुढारी. वर्षभर पारावर गरजला. मग पाण्याच्या टाकीला रंग द्यायचं काम त्याला मिळालं आणि त्याचा घसा बसला तो बसलाच.

टाकी शाळेमागे बांधली. घरोघर निळे नळ आले. वरच्या आळीला पाणी आलं. खालच्या आळीच्या नळांतून उन्हाळा लागताच नुसती हवा येऊ लागली. खालच्या आळीकडे जाणारी पाइपलाइन ललितच्या बागेच्या कडेने जाते आणि तिचा व्हॉल्व तिथेच आहे. भर उन्हात आजूबाजूच्या केळींची पानं करपली होती, ललितची बाग हिरवीगार होती. हे सगळ्या गावाला दिसत होतं. खालच्या आळीतल्या बाया दुसऱ्यांच्या ट्यूबवेलवर, लाइट येईल तेव्हा, मालकाची बोलणी खात हंडे भरत होत्या. गाव केळीच्या भावावर चर्चा करत होतं.

रंभाबाईने ग्रामसभेत विचारलं. मागे बायांत बसून, पदर नाकापर्यंत ओढून. “सरपंचबाई, आमचं पाणी कुठे जातं?”

ललित उठला. “काकी, मोटर में फॉल्ट है. दिखवाते हैं.”

“मी तुले नाही इचारलं. सरपंचले इचारलं.”

“अरे, आल्या नेता प्रतिपक्ष,” समाधान म्हणाला. सभा हसली. नेता प्रतिपक्ष, म्हणजे विरोधी पक्षनेता, हे नाव पडलं ते तेव्हा.

रंभाबाईला या नावाचं वाईट वाटलं नाही. पुतण्याच्या मोबाइलवर तिने संसद पाहिली होती. आमच्या अंगणात येऊन मला म्हणाली, “भाऊ, तिथे तो विरोधातला माणूस उभा राहून इचारतो. मंत्री बाई असली तर तिचा नवरा उठून जबाब देतो का?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग आपल्याच गावात काय धाड भरली?”

धाड ठाऊक होती. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. ललित प्रत्येक ग्रामसभेला म्हाताऱ्या बाबुरावला पहिल्या ओळीत, वैजयंतीच्या अगदी समोर आणून बसवायचा. बाबुरावला ऐकू कमी येतं आणि सभेतलं कळत काहीच नाही. पण तो तिथे आहे तोवर वैजयंती पदरात हनुवटी घालून बसणार, आणि सुनेच्या मर्यादेसाठी ललित बिचारा उठून बोलणार. वडिलांचा असा दगडासारखा उपयोग करणारा मुलगा गावात आदर्श म्हणून सांगितला जात होता.

चौदा एप्रिलच्या ग्रामसभेला मांडव घातला होता. बाबुराव पुढे, वैजयंती टेबलामागे, शेजारी पंचायतीचा सचिव. रंभाबाईने मागून प्रश्न विचारला. ललित उठला. “मोटर का काम चालू...”

रंभाबाई बायांतून उठली, पुढे आली आणि बाबुरावच्या समोर सतरंजीवर बसली. मग तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला.

बाबुराव उखर्डूचा थोरला चुलतभाऊ, म्हणजे तिचा जेठ. जेठ धाकट्या भावाच्या बायकोचं तोंड पाहत नाही. बाबुराव आयुष्यभर तिच्या आळीत शिरण्याआधी खाकरत आला होता, ती आत जावी म्हणून. आता पिकल्या केसांची ती बाई हातभर अंतरावर उघड्या डोक्याने त्याच्याकडे बघत होती. म्हातारा गडबडला. त्याने मान फिरवली, तर तिकडे सगळा गाव. शेवटी काठी घेऊन उठला.

“दादा, बैठो,” ललित बापाला म्हणाला.

“हिच्यासमोर? मर्यादा आहे का नाही काही?” म्हातारा खाकरत मांडवाबाहेर गेला. मर्यादेसाठीच बिचारा आणला होता, मर्यादेसाठीच गेला.

रंभाबाईने पदर डोक्यावर घेतला आणि टेबलाकडे वळली. “सूनबाई, आता सासरा नाही. मी तुझी चुलत सासू. सासूले जबाब द्यायला कोणाची मनाई नाही. आमचं पाणी कुठे जातं?”

“तिला काय माहीत? मैं बताता हूँ ना,” ललित म्हणाला.

“तू बस. तू कुठे सरपंच आहेस?”

त्याचंच वाक्य होतं. कोणी हसलं नाही. समाधान तर चपला शोधू लागला होता.

वैजयंती इतक्या हळू बोलली की सचिवाला पुढे वाकावं लागलं. “काकूजी, व्हॉल्व आमच्या बागेकडे फिरवलेला आहे. चावी घरी राहते.”

“कोणाच्या घरी?”

“आमच्या.” मग ती सचिवाला म्हणाली, “लिहा. चावी आजपासून पंचायतीत राहील.”

सचिवाने ललितकडे पाहिलं. कागदावरच्या सरपंचाचं ऐकायचं की खुर्चीतल्याचं, हे त्या शिकलेल्या माणसाला कळेना. “सरपंच मी आहे,” वैजयंती म्हणाली. मग त्याने लिहिलं.

खालच्या आळीला पाणी आलं. वैजयंती काही दिवस माहेरी होती. तब्येतीसाठी, असं ललित सांगत होता. ललितच्या बागेची पानं इतरांसारखी करपली. गावाने दोष दिला तो रंभाबाईला. जेठासमोर डोकं उघडं टाकलं, बाई वाया गेली. असं बोलणाऱ्यांत खालच्या आळीतलेही आहेत. तिच्यामुळे आलेल्या पाण्याने चूळ भरतात आणि मग बोलतात.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला बाबुराव आला नाही. ललित मागे खांबाला टेकून मोबाइल बघत होता. मला वाटलं, आता रंभाबाई आणि वैजयंती एक झाल्या. मला माणसं फारशी कळत नाहीत. रंभाबाई पुढे आली आणि पाण्याने भरलेला पितळी लोटा तिने टेबलावर ठेवला.

“सरपंचबाई, हे आमच्या नळाचं. पिऊन दाखवा.”

वैजयंतीने आत पाहिलं. पाणी पिवळट होतं, तळाशी गाळ होता.

“काकूजी, तुमच्यासाठी मी घरात किती ऐकून घेतलं...”

“ते मले ठाऊक आहे. टाकी कधी धुतली?”

“नाही धुतली.”

“कधी धुणार?”

“लवकरच.”

रंभाबाई तिथेच खाली बसली. “लवकर हा कोणता वार?” ती म्हणाली. “तो लिहून घ्या, मग पुढचा विषय.”