टीव्हीवरचं संत्रं

समोरच्या बडेबाबूंनी गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आणला आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर तळेगावचं एक संत्रं ठेवलं. कार्यक्रमांआधी पडद्यावर रंगीत पट्टे यायचे. बाबू पिवळ्या पट्ट्याशेजारी संत्रं धरत आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत बटण पिळत. "रंग अंदाजानं नाई, मापानं पाहा लागते," असं जमिनीवर बसलेल्या आम्हा सगळ्यांना बजावत.

संत्रं मात्र रोज तेच. ते सुकत गेलं तसा टीव्हीही बिघडत गेला. महिन्याभरात बातम्या देणारी बाई पार विटकरी झाली.

"बाबूजी, पोरीले ऊन लागलं काय?" आईनं विचारलं.

डिसेंबर होता. स्वेटरच्या बाह्या ओढत बाबू म्हणाले, "काकू, दिल्लीत लय तपून राह्यलं."

त्यांना खरं सांगायचा मला धीर होईना. एका संध्याकाळी ते चहा सांगायला आत गेले, तेव्हा मी गुपचूप तिथे ताजं संत्रं ठेवलं आणि सुकलेलं खिशात घातलं. पट्टे आले, बटण फिरलं आणि बाई एकदम टवटवीत झाली.

बाबूंनी टीव्हीच्या पाठीवरून हात फिरवला. "पाह्यलं? भारी सेट हाय. आपल्या मनानंच सुधरला. आता मापाचं काम नाई."

आणि खुशीत त्यांनी ते संत्रं सोलून सगळ्यांना वाटलं.