स्टिअरिंगवरचं बोट

२००१ साली आम्ही पुण्याहून कॅन्ससला आलो. बाबा गव्हाच्या संशोधन केंद्रात लागले होते आणि आम्ही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या आवारातलं जुनं घर भाड्याने घेतलं होतं. त्यांना मी काका म्हणायचो. चहूकडे गहू आणि मधून खडीचा सरळसोट रस्ता.

त्या रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून एक बोट वर करायचा. पुण्यात अनोळखी माणूस रस्त्यात खूण करतो ती तुमचं काहीतरी चुकलंय हे सांगायलाच: साइड स्टँड खाली आहे, नाहीतर ओढणी चाकात जातेय. त्यामुळे बाबा दर वेळी गाडी थांबवून, उतरून चारही टायर बघायचे. मला शाळेला उशीर व्हायचा आणि मी मागे बसून धुमसायचो.

शेवटी काकांनीच त्यांना रस्त्यात गाठलं आणि हसत सांगितलं, "अहो, ते नुसतं हॅलो आहे."

"ओळख ना पाळख, हॅलो कसलं!" आई म्हणाली. पण पुढे तिचंही बोट वर जायला लागलं, तेही शेजारच्या सीटवरून.

काही वर्षांनी बाबांना दूरच्या अ‍ॅशबर्न शहरात नोकरी लागली. निघालो त्या सकाळी समोरून काकांचा पिकअप आला. त्यांनी बोट नाही, अख्खा हात वर केला, आणि आम्ही पार पुढे जाईपर्यंत तो खाली घेतला नाही.

बाबांनी गाडी थांबवली. खाली उतरले आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ टायर बघत राहिले.