वाघनळीच्या पाण्याची पीएच.डी.

भीमराज रंभाजी साळवे यांना पारंपरिक ज्ञानाचा पत्ता लागला तो एका इंग्रजी पुस्तकात, आणि ते पुस्तक लिहिणाऱ्या गृहस्थाने उभ्या जन्मात कर्जत तालुका पाहिलेला नव्हता. साल त्र्याण्णव. भीमराज नगरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवत होते. रीडर व्हायचं तर पीएच.डी. हवी होती, आणि पुण्याचे त्यांचे मार्गदर्शक डॉ. राधाकृष्ण यांनी विषयही देऊन टाकला होता: ‘पर्यावरणीय नियोजनात पारंपरिक जलज्ञानाचे स्थान’. काळही तसाच होता. पाणी अडवण्याची अशी काही लाट आली होती, की ज्या पुढाऱ्याला घरचा गळका नळ बंद करता येत नव्हता तोसुद्धा पाणलोटावर तासभर बोलायचा. जो तो उठून पाणी अडवलेली गावं बघायला निघाला होता.

भीमराजनी चौसष्ट प्रश्नांची प्रश्नावली छापली आणि शबनम पिशवीत घालून गावोगाव पायपीट सुरू केली. सतरावा प्रश्न असा होता: ‘आपले पारंपरिक ज्ञान (अ) विपुल (ब) मध्यम (क) अल्प.’ काष्टीच्या बाजारात शेळी विकायला आलेल्या केशरबाईंना त्यांनी तो वाचून दाखवला. केशरबाई म्हणाल्या, “मधलं लिव. लई म्हनलं तर तू परत यायचास.” भीमराजनी ‘मध्यम’वर खूण केली आणि आभार मानले.

त्यांच्या स्वतःच्या गावात, वाघनळीत, मात्र भलताच घोटाळा झाला. कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला जुन्या ओढ्याचं किंवा झऱ्याचं विचारलं, की तो तंबाखू मळत म्हणायचा, “आमाला काय ठाव? रंभाजीला इचार की.”

रंभाजी म्हणजे भीमराजचे वडील. पण रंभाजी पहिल्याच प्रश्नाला बाद झाले होते. पहिला प्रश्न होता, ‘आपली शेतजमीन किती एकर?’ आणि त्याखाली कंसात सूचना होती, ‘उत्तर “नाही” असल्यास मुलाखत थांबवावी.’ ही सूचना भीमराजनी त्या इंग्रजी पुस्तकातून उचलली होती. रंभाजींना जमीन नव्हती. साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून हयात गेली, आणि आता ते निवृत्त होऊन बौद्ध वस्तीतल्या ओट्यावर पेपर वाचत बसत. तेव्हा शास्त्राच्या नियमाप्रमाणे मुलाने बापाला वगळलं, आणि त्यात आपण किती निःपक्षपाती आहोत याचा त्याला थोडा अभिमानही वाटला.

मग ‘प्रमुख माहितीदार’ ठरले आप्पासाहेब. माजी सरपंच, चाळीस एकर जमीन, आणि चहात साय. वाघनळीला पाझर तलाव मंजूर झाला होता, आणि जागा सुचवायच्या समितीवर भीमराज तज्ज्ञ म्हणून होते. आप्पासाहेबांनी वाडवडिलांचा हवाला देऊन सांगितलं, की सगळ्यात चांगली जागा चिंचेच्या खोंगळीत, म्हणजे टेकडीखालच्या घळीत. ती त्यांच्याच विहिरीच्या वरच्या अंगाला होती, हे सांगायची गरज नाही. भीमराजनी ती नकाशावर निळ्या पेन्सिलीने रंगवली आणि तिच्यावर प्रबंधाचं सहावं प्रकरण उभं केलं.

पंचाण्णव साली ग्रामसभा भरली. भीमराजनी नकाशा टांगला आणि ‘लोकांचे ज्ञान’ हे शब्द अकरा वेळा उच्चारले. बोलणं संपलं तसे मागून रंभाजी उठले.

“त्या जागंला पानी थांबत न्हाई,” ते म्हणाले. “खाली खडक फुटलेला हाय. बावन सालच्या दुष्काळी कामात तिथंच बांध घातला हुता. दिवाळीला कोरडा.”

 भीमराजनी नकाशावरच्या निळ्या जागेवर पुन्हा बोट ठेवलं. आणि पारंपरिक ज्ञानाचा हा गाढा अभ्यासक सगळ्या गावासमोर आपल्या जन्मदात्याला म्हणाला, “आपला अनुभव मोलाचाच आहे. मात्र त्याला शास्त्रीय आधार लागतो.”

रंभाजी खाली बसले. 

तलाव झाला. फीत कापली, नारळ फुटला, फोटो निघाला. शहाण्णवचा पाऊस चांगला होता, तलाव काठोकाठ भरला, आणि दिवाळीत लोक फराळाला बसले तेव्हा त्याच्या तळात चिमणीला प्यायला थेंब नव्हता. आप्पासाहेब वस्ताद माणूस. त्यांनी मोकळ्या झालेल्या गाळात ज्वारी पेरली, आणि ती झकास आली.

भीमराज धावत पुण्याला गेले. डॉ. राधाकृष्ण शांत होते. “साळवे, वाघनळीला तपासायला कोण जाणार आहे? आहे तसं सादर करा. मार्चमध्ये रीडरच्या मुलाखती आहेत. तेवढ्यात पदवी पदरात पडली पाहिजे.”

सल्ला वाईट नव्हता. नव्वद पानं टाइप करून तयार होती. पण भीमराज गावी आले आणि दोन दिवस तोंड पाडून बसले. तिसऱ्या दिवशी आई, चांगुणाबाई, भाकरी थापता थापता कडाडली, “बाजारात बाया धरधरून इचारत फिरतोस. घरात बाप बसलाय त्याला इचारायला लाज वाटती व्हय रे?”

लाज वाटत होती, हे खरंच होतं. ग्रामसभेपासून बापाच्या नजरेला नजर द्यायची त्यांना हिंमत नव्हती. तरी त्यांनी वही काढली आणि ओट्यावर जाऊन बसले. “आबा, माझं चुकलं. तुमच्याकडचं ज्ञान—”

“ग्यान?” रंभाजींनी पेपरची घडी घातली. “ती वेठ हुती. महारकीत हद्दीचा दगड दाखवायचा आमी, वढ्याची वाट सांगायची आमी, कुनाचं ढोर कुठं मेलं ते उचलायचं आमी. दगड चुकला तर पाठीत काठी. तवा झालं माझं शिक्षान. छप्पन साली दीक्षा घेतली तवा म्हनलं, सुटलो. इसरायला चाळीस वर्सं घातली मी. आन् तू ते पुस्तकात घालून घरात आनतोस?”

 भीमराजनी वही मिटली.

मग रंभाजीच म्हणाले, “त्या कागदावर काय काय रकाने हायत? वाच.”

भीमराजनी वाचलं. नाव, वय, व्यवसाय, ज्ञानाचा स्रोत: पूर्वजांकडून, निरीक्षणातून, अन्य.

“तिथं ‘वेठ’ लिव. छापून आन. मग सांगतो.”

पुण्यात डॉ. राधाकृष्ण यांनी चष्मा काढला. “हा शब्द पारिभाषिक नाही हो. बाहेरचे परीक्षक पूर्वज म्हटलं की हळवे होतात, आणि तुम्ही त्यांना वेठ वाढताय? शिवाय प्रकरण नव्याने लिहिलंत तर मार्च गेला. नंतर जागा कधी निघेल, देव जाणे. वडिलांना ‘अन्य’मध्ये टाका आणि मोकळे व्हा.”

दहा वर्षांत भीमराज एकाही सरांना नाही म्हणाले नव्हते. कसं बोलायचं हेही त्यांना नीट ठाऊक नव्हतं. “नाही सर,” ते एकदम मोठ्याने म्हणाले, “अन्य नाही. वेठच.” आणि घाबरून पिशवी तिथेच विसरून बाहेर पडले. नगरच्या एस.टी.त बसल्यावर त्यांनी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. मार्चमध्ये रीडरची जागा एका सहकाऱ्याला मिळाली. त्याचा प्रबंध शहरातल्या बसथांब्यांवर होता.

छापलेला कागद रंभाजींनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग उठून टोपी घातली. “चल, शीव दाखवतो. पर चालत मी यायचो न्हाई. मामलेदाराच्या घोड्यापुढं ह्याच शिवंवरनं पळत गेल्तो मी. आता बसून जानार.”

भीमराजनी गावातल्या शाळामास्तरांची स्कूटर मागून आणली. रंभाजी मागे ऐटीत बसले. मळ्याची वाट संपली, ओढ्याची वाळू लागली आणि स्कूटर रुतली. भीमराज उतरले, आणि बापही उतरेल म्हणून थांबले.

“तू ढकल,” रंभाजी म्हणाले. “मी बसलोय.”

मग भूगोलाचे प्राध्यापक हँडल धरून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, भर उन्हात स्कूटर ढकलू लागले. आप्पासाहेब ज्वारीच्या कडेला उभे राहून तोंड उघडं टाकून बघत होते. रंभाजींनी त्यांना रामराम केला नाही, जय भीम घातला, आणि मग हात लांब करून एकेक जागा दाखवायला सुरुवात केली. इथं पूर्वी वढा वळायचा. त्या करंजाखाली झरा, मे महिन्यात बी वला. तलाव हुईल तर त्या दोन टेकाडांच्या मधी, खडक सलग हाय.

“आबा, जरा थांबा,” भीमराज धापा टाकत म्हणाले. “लिहून घेऊ कसं? दोन्ही हात गुंतलेत.”

“मग ध्यानात ठिव,” रंभाजी म्हणाले. “आमी तसंच ठिवलं.”