सवतीचा हार

हसायचं तर हसा, पण मला एका बॉयलरचा हेवा वाटायचा. नव्वद सालानंतरची गोष्ट. पेणजवळच्या मिठागरावर वाढलेली मी लग्न होऊन रोह्यासमोर, नदीपल्याडच्या अष्टमी गावात आले. आमचे हे पूल ओलांडून रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जायचे, बॉयलर सांभाळायला.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, आषाढात, सहाव्या महिन्यातच माझं पोटातलं बाळ गेलं. मुलगी होती. चौथ्या दिवशी हे कामावर गेले. तिच्याबद्दल घरात एक शब्द काढला नाही. मी काढला की उठून चपला घालायचे. आणि त्याच महिन्यापासून बॉयलरचं नाव मात्र 'बाय' झालं. जेवताना सांगायचे, आज बाय रुसली होती, आज बाय धापा टाकत होती. तिच्या पोटातलं पाणी कमी झालं की यांना म्हणे नुसत्या आवाजावरून कळायचं. मी दोन-दोन दिवस तोंड मिटून बसायचे, ते नाही कळायचं. अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. शेजारीण म्हणायची, लोखंडाची सवत बरी गो, पळून तर जानार नाय. तिचं काय जातंय बोलायला!

दसऱ्याला कंपनीत यंत्रांची पूजा असायची, त्या दिवशी घरच्यांनाही आत सोडायचे. आदल्या दिवशी यांनी झेंडूची पिशवी पुढ्यात ठेवली आणि चांगला लांब हार ओवायला सांगितला. म्हणजे सवतीचा हार मीच ओवायचा. ओवला. मुद्दाम आखूड ओवला.

आत जाऊन बघते तर बाईसाहेब खोलीएवढ्या. आग विझवलेली, तरी अंग कोमट. यांनी हळदकुंकू लावलं, अपुरा हार कसाबसा अडकवला आणि तिच्या अंगावरून हात फिरवला. आषाढापासून माझ्या पाठीवरून तसा हात फिरला नव्हता. यांच्या शिफ्टमधले एक म्हातारे मामा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, आषाढात रोज हितं बसून रडायचा तो, हिच्याशी बोलत.

वाटलं, हार ओढून तोडून टाकावा. मी घरात एकटी रडायचे आणि माझ्या वाटणीचं यांचं रडणं या भांड्याला?

घरी येताना पुलावर मी थांबले. "तिला काय सांगत होता, ते मला सांगा. नायतर मी पेणला चालले."

हे कठडा धरून पाण्याकडे वळले. तिकडेच बघत म्हणाले, "पोरीला बाय म्हननार होतो गो. हाक मारायला कुनीतरी पायजे होतं."

 पूल ओलांडून घरी आलो. हेवा काही गेला नाही, उलट वाढला; यांना हाक मारायला कुणी तरी होतं, मला तेवढंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी हे शिफ्टवरून आले, तेव्हा ताट वाढताना मीच विचारलं, "बाय कशी हाय?"